बारा फीडर एका ओळीत

"कानडे मॅडम, गेस्ट हाऊसच्या लॉनवर साप आहे. ताबडतोब या," शिर्के साहेब म्हणाले आणि माझं 'हो सर' पुरं व्हायच्या आत त्यांनी फोन ठेवला.

मी झाशीतल्या एका सरकारी वसाहतीची ज्युनिअर इंजिनिअर होते. म्हणजे गळके नळ, तुंबलेली गटारं, उखडलेलं डांबर आणि रंगकाम. साप माझ्या कामात बसत नव्हता. पण गेस्ट हाऊसच्या लॉनवर मागच्या चार महिन्यांत जे काही उभं राहिलं होतं, ते मी उभं केलं होतं. मोपेड काढली आणि निघाले.

मी पोचले तेव्हा साहेब व्हरांड्यात खुर्चीवर होते. बसलेले नव्हे, उभे. फौजेतून मेजर म्हणून निवृत्त झालेला, सहा फूट उंचीचा, कराडकडचा माणूस. आमच्याकडे एस्टेट ऑफिसर होऊन त्यांना वर्ष झालं होतं. खाली आमचा माळी हरप्रसाद पाण्याचा पाइप हातात धरून एका लांबलचक पिवळसर सापाला धारेनं कुंपणाकडे वळवत होता. अगदी सावकाश, रोजचं पाणी घालावं तसा.

"धामन है साहब, काटत नइयाँ," तो मागे न बघता म्हणाला. "चूहन के पाछें आई है."

धामण बिनविषारी असते आणि उंदीर खाते, हे मलाही माहीत होतं. ती मेंदीच्या कुंपणात शिरून दिसेनाशी झाली. साहेब खुर्चीवरून उतरले आणि खुर्चीवर उभं राहावं लागल्याचा सगळा राग हरप्रसादवर निघाला.

"चूहे कहाँ से आए? ये देखो! पूरी जमीन पर दाना! फीडर में डालने को बोला था ना? इधर फेंकने को बोला था?"

हरप्रसाद पाइप गुंडाळायला लागला. साहेब माझ्याकडे वळले. माझ्याशी ते मराठीतच बोलायचे.

"पंधरा एप्रिलला इन्स्पेक्शन आहे. मुख्यालयाचे साहेब इथेच उतरणार आहेत. त्यांच्या पायाखाली साप आला तर? एक तारखेपासून हा माणूस मला नको. आजच रिमार्क द्या."

रिमार्क म्हणजे काय, ते सांगते. माळी, सफाईवाले, पंपवाले आमचे नोकर नव्हते, ठेकेदाराचे होते. ठेका दर वर्षी एक एप्रिलला नवा व्हायचा. त्याआधी ज्युनिअर इंजिनिअरनं एखाद्याच्या नावापुढे 'काम असमाधानकारक' असं लिहून सही केली, की ठेकेदार त्याचं नाव यादीतून गाळायचा. चौकशी नाही, नोटीस नाही. माझ्या चार ओळी पुरायच्या.

दुपारी बाराच्या आत मी त्या चार ओळी लिहिल्या. 'माळी हरप्रसाद यांनी पक्ष्यांचा दाणा निष्काळजीपणे जमिनीवर टाकल्याने उंदीर व साप यांचा उपद्रव झाला.' सही केली. हेडक्लार्कनं कागद ठेकेदाराकडे पाठवला. मला वाईट वाटलं का? खरं सांगायचं तर मला हायसं वाटलं. साहेबांचा रोख माझ्या फीडरांवर आला नव्हता.

आता त्या फीडरांबद्दल.

नोव्हेंबरमध्ये साहेबांच्या मनात आलं होतं की गेस्ट हाऊससमोर 'बर्ड कॉर्नर' हवा. पाहुण्यांनी व्हरांड्यात चहा घ्यावा आणि समोर तऱ्हेतऱ्हेचे पक्षी यावेत. "दहा-बारा जाती तरी दिसल्या पाहिजेत," ते म्हणाले होते. मी म्हटलं, "हो जाएगा सर." आमचं घराणं झाशीत इतक्या पिढ्यांचं आहे की माझ्या मराठीत हिंदी कुठून शिरतं ते मलाही कळत नाही. माझी मुलगी तर मराठी नुसती ऐकते, उत्तर हिंदीतच देते.

पक्ष्यांमधलं मला काहीही कळत नव्हतं. पण मला ड्रॉइंग काढता येत होतं. मी बारा फीडर काढले. बिजौलीत एक फॅब्रिकेटर पोल्ट्रीचं सामान बनवायचा, पत्र्याच्या लांबट पन्हाळी, ज्यातून कोंबड्या खातात. त्याला म्हटलं, हेच द्या, फक्त लहान करा. त्यानं विचारलं, "मॅडम, मुर्गियाँ कितनी हैं?" मी म्हटलं, "मुर्गी एक भी नहीं, जंगली चिड़िया हैं." तो माझ्याकडे जरा वेळ बघत राहिला आणि मग त्यानं माप लिहून घेतलं.

मग मी लॉनच्या मधोमध सूतदोरी ताणली. बारा लोखंडी खांब, प्रत्येकी चार फूट उंच, सहा फूट सेंटर टू सेंटर. म्हणजे एका खांबाच्या मध्यापासून दुसऱ्याच्या मध्यापर्यंत बरोबर सहा फूट. पाणी भरलेल्या नळीनं लेव्हल पाहिली. प्रत्येकाला ओळंबा लावला. रेड ऑक्साइडचा हात, त्यावर चंदेरी रंग, आणि खांबांवर काळ्या रंगात एक ते बारा आकडे. वाकडी रेघ मला बघवत नाही. घरात भिंतीवरचा फोटो कलला असेल तर मी जेवता जेवता उठते. दोरी गुंडाळताना हरप्रसाद जवळ येऊन म्हणाला होता, "मैडम जी, दो-चार पेड़ के नीचे कर देतीं तो..." मी म्हटलं, "ड्रॉइंग में जहाँ है वहीं लगेगा." तो "हओ" म्हणाला आणि गेला. बुंदेलीत हो म्हणायचं असलं की हओ म्हणतात. नाही म्हणायचं असलं तरी साहेबांसमोर हओच म्हणतात.

बाराही फीडरांत बाजरी. कारण मागणीपत्रकात एकच वस्तू लिहायची तर सोपं पडतं.

पक्षी आले. कबुतरं आली. दुसऱ्या दिवशी जास्त कबुतरं आली. साहेब चहा घेताना मोजायचे आणि मला फोन करायचे, "आज किती जाती, सांगू? एक." डिसेंबर, जानेवारी, फेब्रुवारी असेच गेले. मी म्हणत राहिले, सवय व्हायला वेळ लागतो सर. मार्चमध्ये धामण आली.

रिमार्क गेल्याच्या दुसऱ्या दिवशी साहेबांनी हुकूम दिला की फीडर काढून टाका. काढायचं म्हटलं तरी आधी मोजमाप लागतं. आमच्याकडे एम.बी. म्हणून एक जाड वही असते, मेझरमेंट बुक. कामाची लांबी, रुंदी, अवस्था, सगळं जागेवर जाऊन त्यात लिहायचं. जे एम.बी.त नाही, ते झालंच नाही असं धरतात. आणि अवस्थेच्या रकान्यात कारण लिहावं लागतं. मला लिहायचं होतं, 'माळ्याच्या हलगर्जीमुळे दाणा सांडून निकामी'. पण माझी जुनी खोड अशी की डोळ्यांनी पाहिल्याशिवाय त्या वहीत पेन टेकवायचं नाही. सहीच्या कागदावर ती खोड मी आदल्या दिवशी विसरले होते. वहीसमोर आठवली.

म्हणून सकाळी साडेसहाला व्हरांड्यात जाऊन बसले.

हरप्रसाद बरुआसागरहून पहिल्या बसनं यायचा. आला, पोतं खांद्यावर घेतलं, एका मगानं एकेका फीडरात बाजरी घातली. कडेला लागलेले दाणेसुद्धा बोटानं आत सारले. जमिनीवर एक दाणा पडला नाही. मी वहीत लिहिलं, 'भरणी व्यवस्थित'. लिहिताना कान गरम झाले.

तो गेल्यावर कबुतरं उतरली. कबुतराचं खाणं मी त्याआधी नीट कधी पाहिलंच नव्हतं. ते चोचीनं दाणे डावीकडे-उजवीकडे उडवतं आणि हवा तो टिपतं. कोंबडीच्या पन्हाळीला आतल्या बाजूला दुमडलेली कड असते, त्यामुळे उडालेला दाणा आतच राहतो. माझ्या फीडरांना ती कड नव्हती. रंगवायला सोपं पडावं म्हणून मीच ती ड्रॉइंगमधून काढली होती.

चार नंबरच्या खांबाखाली मी एक रिकामं पोतं पसरलं आणि अर्धा तास बसून राहिले. मग पोत्यावर पडलेलं मापात भरलं. फीडरात घातलेल्या मगभर दाण्यातला अर्ध्याहून जास्त खाली होता. दुसऱ्या दिवशी नऊ नंबरखाली पोतं पसरलं. तेच. तिसऱ्या दिवशी एक फीडर हरप्रसादला भरू न देता स्वतः मगानं भरला. तेच.

तिसऱ्याच दिवशी स्वयंपाकघराच्या मागून कलकलाट ऐकू आला. कबुतरांचा नव्हता. मी मागे गेले.

मागे गेस्ट हाऊसची भाजीची जागा होती. टोमॅटो लाल व्हायला लागले होते. टोमॅटोंपासून चांगलं वीस पावलांवर, पाण्याच्या टाकीजवळ, कडुलिंबाखाली हरप्रसादनं आपला वेगळाच कारभार मांडला होता. दोन विटांवर एक फुटकी परात, तिच्यात आदल्या रात्रीचा भात. तिथे सातभाई पक्षी भांडत होते, तोच तो कलकलाट. कडुलिंबाच्या खालच्या फांदीला वाळका दुधी भोपळा टांगलेला, त्याला बोटाएवढी भोकं, भोकाखाली एक काडी खोचलेली. त्या काडीवर चिमण्या आणि इवल्याशा मुनिया आळीपाळीनं बसत होत्या. एका वठलेल्या फांदीच्या टोकाला अर्धा पेरू खुपसलेला, त्यावर दोन बुलबुल. खाली मातीच्या पसरट परळात पाणी, आणि त्यात एक साळुंकी पंख फडफडवून अंघोळ करत होती.

मी दहा मिनिटं मोजत राहिले. सात जाती झाल्या. पुढच्या बाजूला चार महिन्यांत एक.

हरप्रसाद पालकाला पाणी देत होता. मी विचारलं, "ये सब तुम्हारा है?"

"हओ."

"चिड़ियों का शौक है?"

तो हसला. "हमें चिरैयन से का लेने, मैडम जी. हमें तो टमाटर बचाने हैं. पेट भरो होय, पानी पी लओ होय, तो टमाटर में चोंच काए मारें?" बरुआसागरला त्याच्या वडिलांच्या भाजीच्या वाफ्यांवर हेच करायचे. एका कोपऱ्यात पक्ष्यांचं पान वाढून ठेवायचं, म्हणजे बाकीचं शेत आपलं. वडिलांची जमीन भावांत वाटली जाऊन त्याच्या वाट्याला दोन वाफे आले होते. घरी म्हातारी आई, बायको आणि दोन शिकणाऱ्या मुली, हे त्यानं सांगितलं नाही, मीच कधीतरी हजेरीच्या कागदांवर वाचलं होतं. वय त्रेपन्न. या वयाच्या माळ्याला नवा ठेकेदार घेत नाही.

"फिर आगे के फीडर में ऐसा क्यों नहीं किया?"

"आगे तो ड्रॉइंग हती," तो म्हणाला. चेष्टा नव्हती त्यात. मग पाइप दुसऱ्या वाफ्यात टाकत म्हणाला, "एक तारीख से हम नइं आएँगे. मुंशी ने बता दई."

ठेकेदाराच्या मुंशीनं त्याला कळवलं होतं. रिमार्क कोणी लिहिला, हेही कळवलं असणार. तरी तीन दिवस तो माझ्या डोळ्यांसमोर फीडर भरत होता आणि कडेचे दाणे बोटानं आत सारत होता. मला लाज वाटली. दुसरा शब्द नाही.

तासाभरानं मी साहेबांच्या केबिनमध्ये गेले.

"सर, हरप्रसादचा रिमार्क मला मागे घ्यायचाय."

"का?"

"दाणा तो सांडत नाही. फीडरमधून सांडतो. गलती डिझाइनची आहे."

"डिझाइन कोणाचं?"

"माझं."

साहेबांनी चष्मा काढला. "बरं. मग मी ठेकेदाराला फोन करून सांगतो, राहू दे त्याला म्हणून."

"मी मुंशीला फोन केला होता सर. तो म्हणतो, कागदानं नाव गेलंय, कागदानंच परत येईल."

"कागदावर काय लिहिणार?"

मी लिहूनच आणलं होतं. त्यांनी वाचलं. "'काही तांत्रिक कारणांमुळे पूर्वीचा रिमार्क मागे घेण्यात येत आहे.' हे तांत्रिक कारण कुठे राहतं? त्याला भेटायला बोलवा."

मी कागद परत घेतला.

"कानडे मॅडम, पुढच्या महिन्यात तुमची असिस्टंट इंजिनिअरची फाइल वर जातेय. तुम्ही लेखी कबूल केलंत की तुमच्याकडून खुलासा मागवावा लागेल. खुलासा फाइलीला लागतो. मग वर्षभर तरी तुमचं काही होत नाही. ठाऊक आहे ना?"

"ठाऊक आहे."

"बारा वर्षं वाट बघताय तुम्ही."

"तेरा," मी म्हटलं.

त्यांनी चष्मा परत चढवला. मग म्हणाले, "त्या दिवशी मीही नको तेवढा ओरडलो. पण माझं ओरडणं कागदावर नाही. तुमचं आहे. ठरवा."

त्या दुपारी मी दुसरा कागद लिहिला. दाणा सांडण्याचं कारण फीडरची कड नसणं हे आहे, ती कड मी काढून टाकली होती, प्रत्यक्ष न पाहता रिमार्क दिला ही माझी चूक आहे, माळ्याचा दोष नाही. सही केली. हेडक्लार्कनं वाचून माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी आजारीच आहे. एकतीस मार्चला हरप्रसादचं नाव यादीत परत चढलं. पाठोपाठ माझ्याकडून खुलासा मागणारं पत्र आलं.

आता हातात दोन आठवडे होते. साहेब म्हणाले, "या वेळी ड्रॉइंग नको. त्याला विचारा आणि करा."

मी वही घेऊन हरप्रसादच्या मागे हिंडले. तो सांगायचा, मी लिहायचे. त्यातून मला जे कळलं ते घरी अंगणात कोणाला करायचं असेल तर उपयोगी पडेल. प्रत्येक पक्ष्याची जेवायची जागा वेगळी. होले, सातभाई, साळुंक्या जमिनीलगत खातात. त्यांना विटेवर ठेवलेलं उथळ ताट, आणि दाणा संपेल तेवढाच, म्हणजे उंदीर येत नाहीत. चिमण्या-मुनियांना टांगलेलं, डुलणारं, बारीक भोकाचं भांडं. तिथे कबुतराला बूड टेकायला जागाच मिळत नाही. बुलबुल, तांबट, कोकीळ यांना फळ, फांदीवर खिळ्याला खुपसून. वेडा राघू आणि कोतवाल कशालाही येत नाहीत, ते किडे खातात. त्यांच्यासाठी करायचं एवढंच, की बागेत औषध फवारायचं नाही. शिंजीर फुलांवर येतो, त्याला जास्वंद पुरे. आणि पाणी सगळ्यांना. झाशीचा एप्रिल ज्यानं काढलाय त्याला हे वेगळं सांगायला नको.

आणि यातलं काहीही उघड्यावर ठेवायचं नाही. लहान पक्षी आधी जवळच्या झुडपात बसतो, शिक्रा वगैरे शिकारी पक्षी दिसत नाही ना ते बघतो, मग उतरतो. माझी ओळ लॉनच्या बरोबर मध्यावर होती, चंदेरी रंगात चकाकत.

हरप्रसादचंही सगळं बरोबर नव्हतं. गेस्ट हाऊसमधली उरलेली शेव तो परातीत टाकायचा. मी जनावरांच्या डॉक्टरांना विचारलं, ते म्हणाले मीठ आणि तळलेलं अजिबात नको. त्याला सांगितलं तर म्हणाला, "बड़े शौक से खात हैं." मी म्हटलं, "शौक से तो साहब भी खाते हैं, डॉक्टर मना करता है." शेव बंद झाली.

आम्ही बारा खांब उपटले. आठ पन्हाळी स्टोअरमध्ये जमा केल्या. चार कापून, कडा आत दुमडून, रंग खरवडून लॉनच्या कडेच्या झाडांखाली विटांवर ठेवल्या. पाच वाळके भोपळे वेगवेगळ्या फांद्यांना, एक इतका खाली की माझं डोकं लागायचं. फळांचे खिळे हरप्रसादनं मनाला येईल तिथे ठोकले. मी दोन दिवस ते वाकडंतिकडं बघितलं आणि तोंड मिटून ठेवलं. कबुतरं आठवडाभर मोकळ्या लॉनवर येऊन बसली आणि मग अकाउंट्स ऑफिसच्या गच्चीवर निघून गेली. पंधरा एप्रिलपर्यंत साहेबांच्या चहाच्या वेळची मोजणी अकरावर पोचली होती.

इन्स्पेक्शनचे साहेब सकाळी व्हरांड्यात आले. शिर्के साहेब एका बाजूला, मी दुसऱ्या. पाच पावलांवर हरप्रसाद, धुतलेल्या सदऱ्यात. मोठ्या साहेबांनी चहाचा कप घेतला, समोर पाहिलं आणि कपाळाला आठी घातली.

"ये सब टेढ़ा-मेढ़ा क्यों लटका है? कोई लाइन नहीं, कोई लेवल नहीं. किसने किया ये?"

शिर्के साहेब माझ्याकडे बघायला लागले. हरप्रसादनं मान खाली घातली. एकदा त्याच्यावर ढकलून झालं होतं. मी पुढे झाले.

"लेआउट मेरा है सर."

ते आणखी काही बोलणार, तेवढ्यात समोरच्या फांदीवरच्या पपईच्या फोडीवर तांबट येऊन बसला. हिरवा, मूठभर, कपाळावर लाल टिळा. मागोमाग दुसरा. मोठे साहेब कप हातात धरून तसेच थांबले. मग ते खुर्चीवर बसले आणि पाऊण तास उठलेच नाहीत. ड्रायव्हरला दोनदा परत पाठवलं. जाताना माझ्याशी हात मिळवून म्हणाले, "वेरी गुड, मैडम. इंजीनियर लोग सीधी लाइन के बाहर सोचते नहीं. आपने सोचा."

मी "थँक यू सर" म्हटलं. दुसरं काही सुचलं नाही, असं मी तेव्हा स्वतःला सांगितलं.

आठवड्यानं इन्स्पेक्शन नोट आली. तीत दोन ओळी होत्या, ज्युनिअर इंजिनिअरनं कल्पकतेनं केलेल्या पक्षी-कोपऱ्याबद्दल. शिर्के साहेब खुश झाले. "हे फाइलीला लावा. तुमच्या खुलाशाच्या बरोबर वर. दोन्ही एकमेकांना खातील. प्रमोशन या वर्षीच होईल बघा."

संध्याकाळी हरप्रसाद ऑफिसच्या दारात आला. भोपळे बदलायला झाले होते, ते विचारायला. विचारून झाल्यावर तो तिथेच उभा राहिला.

"मैडम जी, बुरा न मानियो. गलती भई तो हमाए नाम लिखी हती. अब अच्छो भओ तो आपके नाम लिख गओ."

"मी तुला वाचवायला बोलले," मी मराठीतच म्हणाले. रागात मला हिंदी सुचत नाही. मग हिंदीत पुन्हा म्हटलं.

"हओ," तो म्हणाला.

त्याचा 'हओ' आता मला चांगला कळायला लागला होता.

मी मुख्यालयाला पत्र लिहिलं. भांड्यांची निवड, जागा, मांडणी, सगळं माळी हरप्रसाद यांचं आहे, मी फक्त वहीत उतरवून घेतलं. शिर्के साहेबांनी कपाळाला हात लावला आणि पत्र पुढे पाठवलं. नोट दुरुस्त होऊन आली, हरप्रसादच्या नावानं. ती ठेकेदाराकडे गेली आणि त्यानं त्याला हेडमाळी केलं. पुढे ठेकेदार बदलले, तो राहिला. माझ्या फाइलीत नुसता खुलासा उरला. प्रमोशन पुढच्या वर्षी झालं.

आमच्या ऑफिसात ती गोष्ट नंतर पुष्कळ दिवस सांगितली जायची, की कानडे मॅडमनी स्वतःची चूक लेखी कबूल केली. मीही ऐकून घ्यायचे. ते पत्र मी एका दुपारी लिहिलं होतं, हे खरं आहे. पण हरप्रसाद दारातून गेल्यावर दुसरं पत्र लिहायला मला चार दिवस लागले, आणि त्या चार दिवसांत मी तीनदा कागद फाडला. हे मी आज पहिल्यांदा सांगते आहे.